लेगोचं बर्फाळ गाव डिसेंबरपर्यंत सुखरूप ठेवायचं तर

नाताळ झाला, संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला, की टीव्हीशेजारी मांडलेलं लेगोचं बर्फाळ गाव उचलायची वेळ येते. लेगोची ही विंटर व्हिलेज मालिका २००९ साली ‘खेळण्यांचं दुकान’ या सेटपासून सुरू झाली आणि त्यानंतर जवळजवळ दरवर्षी तिच्यात एखादी भर पडत आली आहे. ज्यांच्याकडे त्यातली तीन-चार घरं जमली आहेत, त्यांच्यापुढे दर जानेवारीत तोच पेच असतो. सगळं सुटं केलं तर ते सुरक्षित राहतं, पण २०१९ च्या जिंजरब्रेड हाउस या एकाच सेटचे १४७७ तुकडे आहेत, ते दरवर्षी नव्याने कोण जोडणार? आणि अख्खं उचलून माळ्यावर सरकवलं, तर डिसेंबरात अर्धं छप्पर खोक्याच्या तळाशी सापडतं.

माझं ठाम मत असं, की घर मोडायचंही नाही आणि अख्खं ठेवायचंही नाही. ते मुळातच जिथे सुटतं, तिथे सोडवून चार-पाच भागांत ठेवायचं.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे सगळ्यांना धास्ती असते ती पावसाळ्याच्या ओलीची. पण १९६३ पासून लेगोच्या विटा एबीएस प्लास्टिकच्या आहेत आणि दमट हवेने त्यांचं काही बिघडत नाही. ओल लागते ती स्टिकरना, पुस्तिकेला, पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि सेलना. विटांचे खरे शत्रू तीन : ऊन, उष्णता आणि महिनोन्‌महिने एकाच जागी पडलेला ताण. उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढरा रंग पिवळा पडतो, आणि बर्फाच्या गावात पांढऱ्याच विटा जास्त. उष्णतेचं म्हणाल, तर लेगो धुण्यासाठीसुद्धा पाणी ४० अंशांच्या वर नको असतं. वरच्या मजल्याच्या स्लॅबखालचा माळा मे महिन्यात सहज त्यापलीकडे जातो. विटा वितळत नाहीत, पण वाकलेला किंवा ताणलेला तुकडा त्या उष्णतेत तसाच वाकडा बसतो आणि पकड सैल होते. म्हणून माळा नको. पलंगाखाली किंवा आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण उत्तम, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब.

बांधायच्या आधी धूळ काढा. एक इंची मऊ रंगाचा ब्रश, नवा कोरा. कोरड्या फडक्याने घासू नका, धुळीतल्या कणांनी चकाकी जाते. स्वयंपाकघराजवळ मांडलेल्या गावावर तेलकट थर बसतो, तो ब्रशने निघत नाही. तेवढेच भाग काढून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. स्टिकरचे आणि दिव्याचे तुकडे त्यात घालू नका. धुतलेल्या विटांच्या पोटातल्या नळ्यांमध्ये पाणी अडकून राहतं, म्हणून त्या पालथ्या घालून पंख्याखाली दोन दिवस ठेवा, उन्हात नाही.

मग फोटो. चारही बाजूंनी एकेक, वरून एक, आणि मागून घराच्या आतला एक. त्यानंतर बाहेर डोकावणारं सगळं काढायचं : माणसं, झाडं, दिव्याचे खांब, धुराडं, दारावरची हिरवी माळ. प्रत्येक घराची एक झिप लॉक पिशवी करा आणि तिच्यावर मास्किंग टेप लावून घराचं नाव आणि नगांची संख्या लिहा. टेप पिशवीलाच चिकटवा, विटेला कधीही नाही. छप्पर बिजागरीवर असेल तर पूर्ण मिटवा किंवा उतरवून वेगळं ठेवा, अर्धवट उघडं ठेवलं की सगळा भार त्या दोन बिजागऱ्यांवर येतो.

तपकिरी तुकड्यांपाशी जरा थांबा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या सेटमधले लालसर तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ असतात, हे जुने संग्राहक चांगलं जाणतात. सगळ्यात आधी जाते ती क्लिप, म्हणजे दांडीला पकडणारा इंग्रजी ‘सी’सारखा चिमटा. दांडी आत असेपर्यंत काही दिसत नाही. नीट पाहिलं तर चिमट्याच्या आतल्या वळणावर केसाएवढी पांढरट रेघ असते, आणि दांडी ओढली की ‘टक’ असा बारीक आवाज होऊन एक टोक हातात येतं. असा तुकडा ओढून काढू नका, दांडी चिमट्यातून बाजूला सरकवत बाहेर घ्या. आणि एकदा निघाला की परत बसवून ठेवू नका. दहा महिने ताणाखाली राहण्यापेक्षा तो पिशवीत मोकळा पडलेला बरा.

जिंजरब्रेड हाउसच्या शेकोटीत दिव्याची वीट आहे, तशी आणखीही काही घरांत. ती बाहेर काढा, बारीक स्क्रू उघडून बटन सेल काढा, आणि सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. आगगाडी चालवत असाल तर तिच्या बॅटरी-पेटीतले सहाही ट्रिपल-ए सेल काढायचे. सेल गळला की पत्र्यावर पांढरी-हिरवी पूड धरते आणि पेटी कायमची निकामी होऊ शकते.

आता उचलणं. गाव ३२ बाय ३२ स्टडच्या (स्टड म्हणजे वरचे गोल उंचवटे) बेसप्लेटवर, म्हणजे सपाट पायावर, असेल तर तिची बाजू २५.६ सेंमी भरते. ही प्लेट पातळ असते. दोन कडांना धरून उचलली की मध्ये खचते आणि घराची खालची ओळ पटापट सुटते. म्हणून ६ मिमी प्लायचा २८ सेंमीचा चौकोन कापून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा. त्याच्याखालून साधारण ९० सेंमीच्या दोन सुती पट्ट्या आडव्या घाला, टोकं वर राहू द्या. घर फळीवर सरकवा आणि पट्ट्या धरून फळीसकट डब्यात उतरवा. डिसेंबरात याच पट्ट्या धरून ते बाहेर येतं, भिंतींना हात लावावा लागत नाही.

डबा पॉलिप्रॉपिलिनचा घ्या, तळाशी त्रिकोणात ५ असतो तो. घराभोवती चार-पाच सेंमी मोकळी जागा हवी. ती चुरगळलेल्या पांढऱ्या टिश्यू पेपरने भरा, दाबून नाही, घर फक्त हलणार नाही इतपत. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या विटांवर उतरते. पतंगाचा किंवा घोटीव कागद ओलीत रंग सोडतो. बबल रॅप वापरायचंच असेल तर फुगे बाहेर आणि मध्ये टिश्यूचा एक पदर. मऊ पीव्हीसीची पिशवी आणि रबर बँड विटांना लागू देऊ नका, त्यांतला तेलकट अंश प्लास्टिकमध्ये उतरून डाग पडतात.

आणि डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. कपाटात सवयीने टाकल्या जातात म्हणून मुद्दाम सांगतो. त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ स्टायरीनच्या जातीच्या प्लास्टिकला मऊ करते, आणि एबीएसमध्ये स्टायरीन आहे. कसर आणि झुरळं कागदासाठी आणि डिंकासाठी येतात, तेव्हा पुस्तिका वेगळ्या पिशवीत बंद करा, डब्यात पुठ्ठा ठेवू नका.

५० लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, पुरतं, कापडी पुरचुंडीत. झाकण मात्र घट्ट हवं. रबराची कड नसेल तर फटीवर चारही बाजूंनी रुंद टेप लावा, नाहीतर जूनच्या पहिल्याच आठवड्यात जेल ओल पिऊन संपतं. डबा जानेवारीतल्या कोरड्या दुपारी बंद करा आणि पावसाळ्यात ‘बघू तरी’ म्हणून उघडू नका. तेवढ्यात कोकणातली अख्खी जुलै आत शिरते. पारदर्शक डब्यावर जुनी चादर टाका. एकावर एक दोनच डबे, जड खाली.

दिवाळीनंतर डबा उघडाल तेव्हा घर फळीवरच राहू द्या आणि आधी वरून हलक्या बोटाने प्रत्येक भिंत दाबून घ्या. सैल झालेली ओळ याच वेळी कळते, एकदा छप्पर चढलं की तिथे बोट पोचत नाही. मग फोटो समोर ठेवून पिशवीतले नग मोजा आणि झाडं-खांब लावा. माणसं सगळ्यांत शेवटी.