तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांनाही आमटी-भातच का?

‘पाहुण्यांनासुद्धा आमटी-भातच करता तुम्ही?’ हे जावा विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, भिशीतल्या बायका तर आळीपाळीने विचारतात. विचारताना आवाजात अशी काळजी, की आमच्याकडे महिनाअखेर जरा ओढाताण असावी. त्यातून मी पुण्यात राहते, त्यामुळे पाहुणचारावरचे विनोद आयते तयारच असतात. आजवर ‘आमचं आपलं साधं’ म्हणून वेळ मारून नेली. आता सांगूनच टाकते.

मुळात साधं कशाला म्हणता? तुरीची डाळ मऊ शिजवून घोटायची. ती पुरती शिजेपर्यंत चिंचेच्या कोळाला हात लावायचा नाही, कारण आंबट आधी पडलं की डाळ बोटचेपीच राहते, मग कितीही उकळा. फोडणीत आधी मोहरी. ती तडतडून शांत होत आली की जिरं, हिंग, कढीपत्ता. हळद सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून, नाहीतर करपते आणि आख्खी आमटी कडवट. हे सगळं तेलातच करायचं, कारण हळदीचा रंग आणि हिंगाचा वास तेलात उतरतो तसा पाण्यात उतरत नाही. मग गूळ आणि गोडा मसाला. तो मी उन्हाळ्यात घरीच करते. धने, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण एकत्र टाकलं तर धने होईतो खोबरं काळं पडतं. दगडफुलाला झाडाची साल चिकटलेली असते, ती निवडत बसायची. हॉटेलात एकाच कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीतून चार भाज्या निघतात, त्यांना कोणी साधं म्हणत नाही!

आणि स्वस्त म्हणत असाल तर चांगल्या हिंगाचा भाव काढून या. आपण तो पिढ्यानपिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून आणत आलोय. भारतात हिंगाची लागवड करून बघायला २०२० साल उजाडलं, तीही तिकडे हिमाचलात, लाहौलच्या थंडीत. डबीतला हिंग तर पीठ आणि डिंक घालूनच केलेला असतो. म्हणजे कोणी ‘नुसती आमटी’ म्हणालं की त्यातल्या चिमूटभर हिंगाने केलेला प्रवास मला आठवतो आणि मी उगाच चिडते.

उगाचच, कारण माझंही सगळं असंच नव्हतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं पाहुणे म्हटले की मी पनीर, छोले, व्हेज कोल्हापुरी, वर फ्रूट सॅलड, असला घाट घालायची. काजूची पेस्ट वाटून वाटून मिक्सर तापायचा. पाहुणे बाहेर हसत असायचे आणि मी आत. ती तरुण बाई आज समोर आली तर मला काय म्हणेल ते ठाऊक आहे: ‘तुझे गुडघे दुखायला लागले, म्हणून तुला हे तत्त्व सुचलं.’ तिला धड उत्तर नाही माझ्याकडे. गुडघे दुखतातच. पण त्या पनीरच्या भाजीला माझ्या हाताची अशी चव नव्हती, हे तिला तेव्हाही कळत होतं. ती बोलत नव्हती एवढंच.

आता विहीणबाईंचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मुलाच्या लग्नानंतर व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले, अमरावतीहून. मी ठरवून माझ्या हातचं करायचं म्हटलं. आंबेमोहोराचा भात, आमटी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, ताक. वांगी कोवळी, काटेरी, मंडईत जाऊन एकेक निवडून आणलेली. दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, चिंच-गूळ, गोडा मसाला दाबून भरून मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून शिजवलेली. देठापर्यंत मऊ, पण एकही फुटलं नव्हतं. मी मनातून खूश होते.

जेवण छान चाललं. व्याह्यांनी वांगं मागून घेतलं. ताकभात झाला. आणि मग कोणी उठेना. ताटं रिकामी, बोलणं चालू, विहीणबाईंचा उजवा हात ताटाच्या कडेवर तसाच. मधूनच त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. मला वाटलं, गप्पा रंगल्यात. मीही बसून राहिले. सगळ्यांचे हात वाळले तेव्हा सूनच एकदम उठली आणि म्हणाली, ‘बाबा, चला, हात धुऊन घ्या.’ ते गोडाची वाट बघत होते. मी गोड केलंच नव्हतं.

जाताना विहीणबाई म्हणाल्या, ‘छान झालं, अगदी घरच्यासारखं.’ मी ते कौतुक समजून घेतलं आणि पुढे बरेच दिवस मिरवलंसुद्धा. वर्ष उलटल्यावर कशावरून तरी वाजलं, तेव्हा सून बोलून गेली: ‘आई गाडीत रडली होती. म्हणाली, लेकीच्या घरी पहिल्यांदा आलो आणि आपल्यासाठी कढई चढली नाही.’

कढई चढली नाही! सकाळी सातपासून मी ओट्याशी उभी होते. पण त्यांच्या दृष्टीने कढई चढणं म्हणजे तळण, पुरण, तुपाची धार. माणूस किती मोलाचं ते ताटातून दाखवायचं असतं. आणि हे काही अमरावतीचंच आहे असं नाही. माझ्या माहेरीही जावयाला कोणी आमटी-भातावर पाठवला नसता. मी स्वतः सासरी पहिल्या सणाला ताट बघून मनातल्या मनात पदार्थ मोजले होते. मग मला कोणता अधिकार?

तरी माझं मन पुरतं वळत नाही. मी त्यांना परकं मानलं नाही, म्हणून माझं सगळ्यात चांगलं ते वाढलं. हे खरं आहे. आणि मला आमटीवरच पास व्हायचं होतं, वांग्याला दाद हवी होती, शेजारी जिलबी असती तर वांग्याकडे कोणी बघितलं नसतं, हेही खरं आहे. साधेपणा म्हणायचा आणि आत एवढा तोरा! नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘अगं, वाटीभर शिरा केला असतास तर एवढा विचार करावा लागला नसता.’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मला ते त्या दिवशी ऐकायचं नव्हतं, इतकंच.

हल्ली ते आले की मी शिरा करते. बाकी ताट तेच. गेल्या खेपेला विहीणबाईंनी शिऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं, वेलची कुठली घातली विचारलं, सुनेला म्हणाल्या, शिकून घे. आमटी दोन वेळा घेतली त्यांनी, पण तिच्याबद्दल एक शब्द नाही. मला अजून राग आहे. शिरा चांगला झाला होता, ते वेगळं.