मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था

इंग्लंडहून १६२० साली १०२ प्रवाशांना घेऊन निघालेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरील जवळजवळ निम्मी माणसे अमेरिकेतील पहिल्याच हिवाळ्यात दगावली. जे तगले, त्यांच्या वंशजांनी १८९७ मध्ये अमेरिकेतील प्लिमथ येथे, म्हणजे हे प्रवासी जिथे वसले त्या गावी, स्थापन केलेली संस्था आजही सभासदत्व देण्यापूर्वी प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह आणि मृत्यू यांचा पुरावा मागते. केवळ घरात चालत आलेली आख्यायिका तिथे पुरत नाही, आणि आईकडून आलेला वारसाही वडिलांकडच्या वारशाइतकाच ग्राह्य धरला जातो, हे मला विशेष मोलाचे वाटते.

याच जहाजावरील जॉन हाउलंड हा तरुण नोकर वादळात समुद्रात फेकला गेला, परंतु दोराला धरून वाचला. पुढे त्याने एलिझाबेथ टिली या, त्याच हिवाळ्यात आईवडील गमावलेल्या, मुलीशी विवाह केला; त्यांना दहा मुले झाली आणि आज त्यांचे वंशज असंख्य आहेत.

मात्र प्लिमथ जिथे वसले, तिथे पूर्वी वाम्पानोग या अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांचे पटक्सेट हे गाव होते आणि ते जहाज येण्याआधीच्या काही वर्षांत साथीने ओस पडले होते. वंशावळ जपणाऱ्यांनी या गावाची आठवणही तितक्याच निष्ठेने जपावी, असे मला मनापासून वाटते.