उलटा न होणारा शब्द

शब्द उलटा छापायचा, एवढंच कोडं. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत 'प्रिंट रिव्हर्स' लिहिलं, एंटर मारला, आणि शब्द जसाच्या तसा बाहेर!

तासभर डोकं आपटलं. शेवटी पर्लवाल्या मंडळींना विचारलं. (लाज वाटली, खोटं कशाला बोलू.)

एका मुरलेल्या गड्याचं उत्तर आलं, "प्रिंट यादी मागतं. एकाच शब्दाची यादी उलटी करून काय होणार? मध्ये 'स्केलर' घाला, म्हणजे यादी नाही, शब्दच उलटा होईल." आणि खाली हळूच, "मीही इथेच अडकलो होतो."

त्या शेवटच्या ओळीनेच जीव भांड्यात पडला.

1987 ची ही भाषा. 'एकाच कामाच्या अनेक वाटा' हे तिचं ब्रीद. मग काय, तिघांनी आपापल्या वाटा टाकल्या. एकाने तर रिव्हर्सला हातही न लावता!

तुम्ही पहिल्यांदा कुठे अडकला होतात?