श्रीफळ आणि नारळ

डिसेंबर उजाडला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा टांगला जायचा. गॅदरिंगचे फिशपॉन्ड त्यात टाकायचे, खाली नाव न लिहिता. डबा उघडायच्या मराठीच्या बाई. निम्म्या चिठ्ठ्या त्या गुपचूप फाडून टाकायच्या (बरंच करायच्या!) आणि उरलेल्या स्वतः माइकवर वाचायच्या, चेहरा अगदी कोरा ठेवून.

दहावीत मला पडलेला फिशपॉन्ड असा होता: ‘कुणाला ठेच लागते, कुणाला भूक लागते, मराठीचा तास आला, की याचा डोळा लागतो!’

अख्खा मंडप हसला. बाईंनी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि शांतपणे विचारलं, “आणखी काय काय लागतं रे?” झालं! ‘उचकी!’ ‘नोकरी!’ ‘वाट!’ मुलींच्या बाजूने ‘निकाल!’, आणि अगदी मागून एक घोगरा आवाज, ‘नाद!’

वर्गात याच बाईंनी श्लेष शिकवला होता, ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ या उदाहरणाने. मित्र म्हणजे सूर्यसुद्धा. कबूल, पण त्या वाक्याला हसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुसरा अर्थ कोशात शोधायला लागला की मार्क मिळतात, हसू येत नाही. दोन्ही अर्थ रोज तोंडात असावे लागतात.

त्याच संध्याकाळी चित्रकलेच्या सरांचा निवृत्तीचा सत्कार होता. सूत्रसंचालन करणाऱ्या नववीतल्या मुलीला ‘शाल व श्रीफळ’ असं नीट लिहून दिलेलं. पण ऐन वेळी कागद वाऱ्याने उडाला आणि ती बिचारी सुचेल तसं बोलली, “आता मुख्याध्यापक आपल्या सरांना नारळ देतील.”

फळ तेच. पण श्रीफळ दिलं तर सत्कार, नारळ दिला तर नोकरी गेली! पहिल्या रांगेतल्या पालकांनी तोंडाला रुमाल लावले. पोरगी रडकुंडीला आली. सर शाल सावरत माइकपाशी गेले.

“बरोबर बोलली ती. इतकी वर्षं साहेब नुसतं म्हणायचे, आज दिला एकदाचा.”

मुख्याध्यापकांना असा ठसका लागला, की पाणी मागवावं लागलं.