बरणीतला लकी बांबू आणि रविवारची घासणी

नेरूळच्या आमच्या घराला गॅलरी नाही. होती ती आधीच्या मालकांनी खोलीत घेतली. त्यामुळे माती-कुंड्यांना जागा उरली नाही आणि तीन वर्षे टिकलेले झाड एकच, टीव्हीशेजारच्या काचेच्या बरणीतला लकी बांबू. बांबू हे त्याचे केवळ बाजारातले नाव. वनस्पतिशास्त्रात तो ड्रसिना सँडेरियाना, मूळचा मध्य आफ्रिकेतला, आणि गवताच्या कुळातल्या खऱ्या बांबूशी त्याचे काही नाते नाही. भाग्य वगैरेंवर माझा विश्वास नाही, पण ‘चार कांड्या नकोत, तीन घ्या’ असे नर्सरीवाल्याने सांगितल्यावर मी निमूटपणे तीनच घेतल्या.

रोपाला फारसे काही लागत नाही, हे त्याचे म्हणणे खरे ठरले. जी काय उस्तवार करावी लागते ती पाण्याची. पहिल्या वर्षी पानांची टोके तपकिरी होऊन चुरचुरू लागली. उजेड कमी पडतो असे समजून मी बरणी खिडकीत नेली, तर पानांवर पांढरट चट्टे उठले, कारण मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या या रोपाला थेट ऊन सोसत नाही. दोष उजेडाचा नव्हता, पाण्याचा होता. मोरबे धरणाचे पाणी शुद्ध होऊन नळाला येते तेव्हा त्यात क्लोरीन असतेच, आणि आपल्यासाठी ते असायलाच हवे; पण ड्रसिनाला क्लोरीन आणि फ्लोराइड दोन्ही बाधतात. आता शनिवारी रात्री मी पाणी उघड्या पातेल्यात ठेवते, म्हणजे सकाळपर्यंत बराचसा क्लोरीन उडून जातो. फ्लोराइड असा उडत नाही, म्हणून पावसाळ्यात पहिल्या सरी सोडून पुढचे पावसाचे पाणी धरते.

गेल्या जुलैत आम्ही बारा दिवसांनी गावाहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी आलेल्या आरोग्यसेविका ताईंनी बरणीवर विजेरी मारली. लालसर मुळांच्या वर, स्वल्पविरामाएवढ्या अळ्या शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोके खाली करून लोंबत होत्या. मी ओशाळले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. (२००१ साली चीनहून कॅलिफोर्नियात गेलेल्या लकी बांबूच्या खेपांबरोबर एडिसचीच एक जात तिथे पोहोचली होती.) मी पाणी ओतून बरणी विसळू लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, “नुसतं विसळून नाही भागत मॅडम, घासा.” या डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते आणि ती अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी मिळताच फुटतात. तेव्हापासून दर रविवारी बरणी, खडे आणि काचेवरची शेवाळाची हिरवी कड घासणीने घासून निघते आणि मगच मुळे बुडतील एवढे पाणी पडते. दोन महिन्यांतून एकदा द्रवखताचा एखादा थेंब पुरतो. जास्त घातले तर शेवाळच पोसले जाते.

मार्चमध्ये एक कांडी बुडाशी पिवळी आणि मऊ पडली. पिवळी कांडी पुन्हा हिरवी होत नाही आणि पाण्यात राहिली तर सोबतच्या कांड्याही कुजवते, म्हणून ती काढली. वरचा हिरवा तुकडा मात्र पेराखाली कापून स्टीलच्या फुलपात्रात, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. परवा पाणी बदलताना त्याला तांदळाच्या दाण्याएवढे लाल मूळ फुटलेले दिसले.