सात सेंटिमीटर फीत

बेळगावात खडे बाजाराजवळच्या एका बोळात जुन्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर घालून देण्याचे माझे दुकान आहे. 27 ऑक्टोबर 2025 रोजी, सोमवारी, शटर वर करून उदबत्ती लावतो तोच खानापूरहून एक काकू आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

विनोदी अभिनेते सतीश शहा शनिवारी गेले होते. रविवारी अंत्यसंस्काराच्या वेळी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’च्या सहकाऱ्यांनी त्यांना निरोप देताना मालिकेचे शीर्षकगीत गायले, ते काकूंनी मोबाईलवर पाहिले होते. “रडत रडत गायलेत रे बाळ. माझ्याकडं पण त्यांचं एक आहे, बघ चालतंय काय.”

प्रत्यक्षात ती त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट होती, मे 1985 मधली. लग्नाच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, सतीश शहांची ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका लागताच दोन्हीकडची पाहुणेमंडळी टीव्हीपुढे जाऊन बसली आणि व्हिडिओवाल्याला टिपायला कोणी उरले नाही, म्हणून त्याने टीव्ही पाहणाऱ्यांनाच टिपले. नवरी आतल्या खोलीत हळदीच्या हातांनी एकटी बसलेली. “एवढा राग आलेला मला! कॅसेट लावली की तेवढा भाग पुढं पळवायचो. एकदा पण बघितला नाही. आता तेवढाच काढून दे.”

कुंदन शहा हे या मालिकेच्या दिग्दर्शकांपैकी एक आणि लेखन शरद जोशींचे. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी ही घरातली माणसे ठरलेली, पण सतीश शहा मात्र दर भागात वेगळ्याच माणसाच्या रूपात अवतरत. त्यामुळे आज ते कोण होऊन येणार, यावर घराघरांत पैजा लागत. (मराठी प्रेक्षकांना त्यांचा ‘गंमत जंमत’मधला इन्स्पेक्टर फुटाणे आठवतो, तो दोन वर्षांनंतरचा, 1987 मधला.)

खानापूरकडच्या पावसात चाळीस वर्षे काढलेल्या कॅसेटला बुरशी असायचीच. तोंडाला मास्क लावून मी मागचे पाच स्क्रू काढले, दोन्ही रिळे स्वच्छ डबीत बसवली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडातून फीत सरकवत पुसली. यानंतर रीळ एकदा हाताने पूर्ण फिरवून कडा कुठे चिकटल्या आहेत का ते पाहायचे असते. काकू समोर स्टुलावर बसून वाट पाहत होत्या, म्हणून मी अर्ध्यावरच थांबलो आणि कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली.

चित्र चांगले आले. सतरंजीवर पोरे, मागे खुर्च्यांवर वडीलधारी, हॅलोजनच्या झगझगाटात सगळ्यांचे डोळे किलकिले झालेले. कोपऱ्यातला टीव्ही त्या उजेडात पांढराफटक आणि त्यावरून एक काळा पट्टा संथपणे वर सरकत होता. काकू एकेकाकडे बोट दाखवून नाव घेत होत्या, त्यातले निम्मे आता हयात नव्हते. तेवढ्यात शेजारचे कानडी मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले आणि ओरडले, “बंद, बंद!”

कानडीत ‘बंद’ म्हणजे आला. सतीश शहा आले, असे मास्तर सांगत होते. हॅलोजन धरलेला पोरगा कोल्हापूरचा असल्यामुळे त्याला मराठीतले ‘बंद’ कळले आणि त्याने दिवा विझवला. काकूंना हसू आवरेना. दिवा जाताच खोली अंधारली, टीव्हीचे चित्र लख्ख दिसू लागले, त्यात एक दार उघडू लागले, आणि नेमकी तिथेच फीत अडकली.

व्हीसीआरचे झाकण उघडून मी ती सोडवली. कडेला बुरशीने दोन वेढे एकमेकांना चिकटले होते आणि त्यांच्या ओढाताणीत फितीचा चुरगळा होऊन वरचा थर खरवडून निघाला होता. खराब तुकडा कापून जोड द्यावा लागला. तो सात सेंटिमीटर भरला. अशा व्हीएचएस कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे 2.34 सेंटिमीटर चालते, म्हणजे तीन सेकंद गेले. जोडाच्या पुढे सगळे घर लोटपोट हसत होते, पोरे एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि टीव्हीवर पुन्हा दुसराच कोणीतरी बोलत होता. कॅमेरा वळला तो थेट पंगतीकडे.

चूक माझी होती आणि ती मी काकूंना सांगितली, पैसेही नकोत म्हणालो. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पण त्या दिवशी कोण होऊन आलेले ते? एवढं हसायला काय झालेलं, ते आत बसून मला कळलंच नव्हतं.”

मला सांगता आले नाही. त्यांनी सांगलीला धाकट्या भावाला फोन लावला; चित्रात सगळ्यांत पुढे बसलेला चड्डीतला पोरगा तो. तो म्हणाला, पोस्टमन. वहिनीला जोडून घेतले, ती म्हणाली, छे, डॉक्टर होते, गळ्यात नळी होती की! भावाने तिला खुळ्यात काढले. स्पीकरवर दोघांची जुंपली आणि काकू डोळे पुसत मधेमधे एकेकाची बाजू घेत राहिल्या.

पैसे त्यांनी पूर्ण दिले, मोजून. पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवताना विचारले, “मास्तरांचा मुलगा टिळकवाडीत असतोय, पाच नंबरची बस जातेय काय रे तिकडं?” मी त्यांना रिक्षा करून दिली.