एसीची एकादशी

आमच्याकडे एसी नीट चालेना की रोगाचं निदान ठरलेलं: गॅस संपला. यंदाही एप्रिलअखेरीस मी तेच म्हणत होतो. गोव्यातल्या डिचोलीचा उकाडा, रात्रीचे दोन वाजलेले, मशीनची नुसती घरघर आणि खालच्या कपाटावर टप टप पाणी. आईने शेवटी कपाटावर पातेलं ठेवलं, आणि मग टप टपचं टण टण झालं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेल्या पोराने मशीन थोडा वेळ चालवलं, झाकण वर केलं आणि जाळी ओढून काढली. मागच्या नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ! खोली गार होत नाही म्हणून बोंब मारायची आणि मशीनच्या पोटात बर्फ साठलेला, हे काय गौडबंगाल? मी गॅसचं बोलायला तोंड उघडलं, तर तो माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "गॅस भरून कितें फायदो, मावशे? वारेंच भितर वचना." म्हणजे हवाच आत जात नाही.

हा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कुठे गळती झाली तरच कमी होतो. खोलीतली हवा जाळीतून आत जाते, थंड नळ्यांना आपली ऊब देते आणि गार होऊन परत येते. जाळी तुंबली की हवा पुरत नाही, नळ्या शून्याखाली जातात आणि त्यांच्यावरचं दव गोठतं. गोव्याच्या हवेत दवाला काय तोटा? बर्फ जमला की उरलीसुरली वाटही बंद, आणि मशीन बंद केलं की तोच बर्फ वितळून कपाटावर. तिकडे बाहेरचा कॉम्प्रेसर बिचारा रात्रभर राबतोय. तुंबलेली जाळी काढून स्वच्छ बसवली तर एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. आमच्या बिलाबद्दल मी आईपुढे काही बोललो नाही.

पण मला खरं गुंतवलं ते त्या जाळीवरच्या थराने. रंग तांबूस. हा रंग मी लहानपणापासून ओळखतो. खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा तुळशीच्या पानांवर आणि दोरीवरच्या कपड्यांवर हाच असायचा. २०१२ साली खाणी थांबल्या, नंतर कधी चालू कधी बंद. पण आमची मातीच तांबडी, तिला कोण थांबवणार? त्या धुळीत गादीचा कापूस होता, उदबत्तीची काजळी होती आणि सगळ्याला धरून ठेवणारा एक तेलकट चिकटा, म्हणजे दर रविवारचे तळलेले बांगडे.

आई नारळाचा रस फडक्यातून दोनदा गाळते. गणेशचवथीआधी घर असं धुऊन निघतं की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीच्या, लाकडालाही सुटका नाही. आणि हे एक गाळणं तीन वर्षं आमच्या उशाशी टांगलेलं होतं, त्याला कुणाचा हात लागला नव्हता. अर्थात, या साध्या जाळीने हवा 'शुद्ध' होते असंही कुणी समजू नये. ती अडवते जाडी धूळ आणि तंतू. बारीक कण बिनदिक्कत पार होतात. तिचं मुख्य काम मागच्या नळ्या राखण्याचं.

तर मी जाळी कोमट पाण्यात साबण घालून धुतली, जुन्या टूथब्रशने हलकेच घासली आणि सुकायला गच्चीवर टाकली. सावलीत सुकवायची असते हे मला नंतर कळलं, चौकट जरा वाकल्यावर. पण खरा घोटाळा वेगळाच. मे महिना लागलेला, गच्चीवर आईचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, वाळत होतं: एका सुपात भिरंडाची (कोकमाची) सोलं, दुसऱ्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. जाळी नेमकी सुंगटांच्या शेजारी, वाऱ्याच्या बाजूला.

त्या रात्री खोली झकास गार झाली. पाणी नाही, घरघर नाही. आणि दर मिनिटाला थंडगार सुंगटांची एक झुळूक तोंडावर. बायको उठून बाहेरच्या खोलीत जाऊन झोपली.

तो पोरगा जाताना बजावून गेला होता, दर पंधरा दिवसांनी धुवा. पंधरा दिवस माझ्या लक्षात राहणं कठीण. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवलं आणि म्हणाली, "एकादशीला धुवायची. महिन्यातून दोनदा येतेच." तेव्हापासून सकाळी तिची पूजा आटोपली की माझ्या हातात टूथब्रश येतो. जाळी आता मागच्या पडवीत, सावलीत वाळते. आणि समजा विसरून गच्चीवर गेलीच, तरी त्या दिवशी आई सुंगटांच्या सुपाला हात लावत नाही.